शहाबादी फरशीवरचा टर्बो

पौष महिना, रविवार, सकाळ. ठिकाण: पाथरी, दादाच्या घराची पुढची पडवी. हजर: थोरला भाऊ, म्हणजे दादा, निवृत्त विज्ञान शिक्षक; वहिनी; सेलूहून आलेला धाकटा भाऊ; गावातला गाड्यांचा मिस्त्री, जो शाळेत दादाचा विद्यार्थी होता; आणि परभणीहून आलेली मी. गाडीलाही हजर धरायला हवं. ती फाटकाच्या आत उभी होती, डावीकडच्या आरशाशिवाय.

विषय एकच: गाडीला टर्बो बसवायचा की सुपरचार्जर.

माझी सगळी नोकरी कचेरीत चालली आहे. बैठकीला विषय नसेल तर मला बसवत नाही, आणि विषय असेल तर निर्णय झाल्याशिवाय उठवत नाही. घरातही माझं तेच. लग्नाची यादी मी करते, दवाखान्याच्या कागदांची फाईल मी लावते. दोघं भाऊ त्यावरून हसतात आणि काही सापडलं नाही की मलाच फोन करतात. त्यामुळे दादाचा फोन आला, "बाई, रविवारी ये, कागद घेऊन ये," तेव्हा मी घरूनच दोन रकाने आखून निघाले.

हा विषय निघाला कसा ते आधी सांगते.

त्याच्या आदल्या गुरुवारी वहिनींना गुडघ्यासाठी परभणीच्या डॉक्टरांना दाखवून दादा परत निघाला होता. मला सुट्टी होती, म्हणून मीही पाथरीला निघाले. दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे. मानवत सोडल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारे. दादानं भोंगा वाजवला, गाडी उजवीकडे काढली आणि मागच्या ट्रॉलीच्या बरोबरीनं पुढे सरकला. पुढची ट्रॉली अजून बाकी होती. तेवढ्यात त्यानं गाडी डावीकडे घेतली. अगदी शांतपणे, इशारा देऊन, वाट मोकळी असल्यासारखी.

"अवो, हाय की अजून!" वहिनी ओरडल्या.

काचेवरून उसाचे शेंडे सरसर घासत गेले आणि आरसा तुटल्याचा आवाज आला. दादानं गाडी झटक्यात उजवीकडे ओढली. समोरून एसटी येत होती, दिवे मारत. तिच्या ड्रायव्हरनं बस रस्त्याखाली मुरमावर घातली आणि आम्ही मधून निघालो. पुढे एका लिंबाखाली दादानं गाडी थांबवली. वहिनी पदरावर पडलेले उसाच्या पाचटाचे तुकडे एक एक करून वेचत होत्या.

"गाडीत जोर न्हाई," दादा म्हणाला. "जोर असता तर बस यायच्या आत दोन्ही ट्रॉल्या निघाल्या असत्या."

"एसी चालू होता ना," मी म्हणाले. "त्यानं ओढ कमी होते."

एसीनं ओढ कमी होते, हे खरंच आहे. पण गाडी ज्या क्षणी डावीकडे वळली तिथं ओढीचा काही संबंध नव्हता, आणि हे गाडीतल्या आम्हा दोघींनाही दिसलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत सेलूला धाकट्याला फोनवर हकिकत सांगताना मीसुद्धा "गाडी ओढेना" असंच म्हणाले. धाकटा म्हणाला, छोट्या गाड्यांचं असंच असतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "सर, इंजन तर मस्त हाय."

"मग ओढत का न्हाई?"

मिस्त्रीनं आरशाच्या जागेकडे पाहिलं. दिवाळीपासून त्या बाजूला बसवलेला हा दुसरा आरसा होता. डावीकडच्या दारावर फाटकाच्या खांबाचा ओरखडा होता आणि त्याच्याखाली आणखी एक जुना. तो म्हणाला, "छोटं इंजन हाय, सर. ताकद वाढवायची तर टर्बो लावा, न्हाईतर सुपरचार्जर. हैदराबादहून मागवता येतंय."

एवढं ऐकल्यावर दादानं विषय हातात घेतला.

आता गाडी ही दादासाठी काय होती तेही सांगायला हवं, नाहीतर पाच माणसं एका इंजिनाच्या जोरासाठी रविवार का घालवतात ते कळणार नाही. दादाची नोकरी होती तोवर घरात स्कूटर होती. तिच्यावर वहिनींना बसता येईना, कंबर धरायची. त्यामुळे माहेर, सेलू, परभणी, दवाखाना, लग्नकार्य, सगळं त्यांनी एसटीनं केलं. पाथरीच्या स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या वहिनी मला लहानपणापासून आठवतात. एकदा त्या तिथंच भोवळ येऊन पडल्या. दादा तेव्हा वर्गात होता, त्याला निरोप मिळाला तोवर लोकांनी त्यांना पाणी पाजून बसवलं होतं. निवृत्तीच्या पैशातून त्यानं पहिली घेतली ती ही गाडी. घेतली त्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की आता हिला स्टँडवर उभं राहायला लागणार नाही. त्याच्यासारखा माणूस बायकोविषयी चारचौघांत असं बोलला, हे आम्हाला नवीन होतं. वहिनी लाजून आत गेल्या होत्या.

तर बैठक सुरू झाली. धाकट्यानं सेलूहून हुरडा आणला होता, वहिनींनी शेंगदाण्याची चटणी वाटली होती. दादा उभा, आम्ही बसलेले. पडवीची शहाबादी फरशी नुकतीच पुसून वाळली होती. दादाच्या खिशात खडू होता. तो निवृत्त झाला तरी त्याच्या खिशात खडू असायचा, त्या खडूनं तो दाराच्या मागे दूधवाल्याचे दिवस लिहायचा.

"आधी समजून घ्या, मग मत द्या," तो म्हणाला. "इंजनला ताकद कशानं येती? पेट्रोल जाळल्यानं. पेट्रोल जाळायला काय लागतं?"

"हवा, सर," मिस्त्री म्हणाला.

"आठवीत हे येत नव्हतं तुला. दोनदा बसलास."

"बसलो कुठं सर, तुमीच बसिवलं."

सगळे हसले. दादाही हसला. मग तो वाकला आणि फरशीवर इंजिनाचा चौकोन काढला. त्यातून धुराची नळी बाहेर काढली, नळीत एक चाक काढलं, त्या चाकाच्या दांड्यावर दुसरं चाक.

"हा टर्बो. धूर असाही वायाच जायलाय. त्याच्या वाटेत भिरभिरं ठेवलं. धुरानं ते फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं भिरभिरं बाहेरची हवा दाबून इंजनात कोंबतंय. फुकटचा जोर. पण अडचण काय? आधी धूर व्हायला पाहिजे, मग भिरभिरं फिरणार, मग जोर येणार. पाय दाबला आणि जोर आला यात मधे थोडा वेळ जातोय."

"आणि तापतंय लय," मिस्त्रीनं जोडलं. "लांबून आलं की इंजन लगेच बंद करायचं न्हाई. थोडं तसंच चालू ठेवायचं. न्हाईतर आतलं तेल जळून चिकटतंय."

"मग झालंच," वहिनी म्हणाल्या. "हे तर कोपऱ्यावरच गाडी बंद करतात आणि फाटकापर्यंत घरंगळत आणतात."

"पेट्रोल वाचतं," दादा म्हणाला.

"आणि खांब घासतो," धाकटा म्हणाला, आणि मग हुरड्याकडे बघायला लागला. तो हे चेष्टेनं म्हणाला होता. मी डाव्या रकान्यात लिहिलं: वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. जोर उशिरा. तापतो. बंद करण्याची सवय बदलावी लागेल.

"आता दुसरा," दादा म्हणाला.

त्यानं एक पाऊल उजवीकडे टाकलं, पुन्हा वाकला आणि नवा चौकोन काढला. "मळणी यंत्राला ट्रॅक्टरचा पट्टा लावतात, तसा हा सुपरचार्जर. इंजन फिरलं की पट्टा फिरला, पट्टा फिरला की पंखा फिरला, हवा आत. धुराची वाट बघायची न्हाई. पाय दाबला की जोर. पण तो पट्टा ओढायला इंजनचाच जोर खर्ची पडतोय. गाडी मोकळी चालली तरी, रिकामी चालली तरी, तो आपलं खातच राहतो."

हे सांगता सांगता तो पट्टा काढत होता. एक लांब रेघ, चौकोनापासून डावीकडे. रेघ सरळ गेली आणि पहिल्या आकृतीच्या दोन्ही चाकांतून आरपार निघाली. रेघेच्या टोकाला त्यानं सुपरचार्जरचा पंखा काढला, तो थेट टर्बोच्या नळीवर. मग त्यात पाती काढली, नीट, सारख्या अंतरावर, फळ्यावर काढायचा तशी. दादाच्या आकृत्या जिल्ह्यात नावाजलेल्या होत्या.

आम्ही चौघंही बघत होतो. मिस्त्री आकृतीकडून दादाकडे आणि दादाकडून माझ्याकडे बघत होता. मी उजव्या रकान्यात लिहिलं: पट्ट्यावर चालतो. जोर लगेच. कायमचा थोडा जोर खातो. खाली दोन्हींसाठी मिळून लिहिलं: परिवहन कार्यालयाची परवानगी, विम्याला कळवणं, जुन्या इंजिनाला दाब सोसेल का हे बघणं. अक्षर नेहमीसारखंच आलं. हात आपली कामं करत राहतो.

"बोला," दादा सरळ होत म्हणाला. "एकेकानं."

धाकटा म्हणाला, "टर्बो. पेट्रोलही कमी खाईल. फक्त वहिनी, पदर सांभाळून बसा, न्हाईतर पाथरीला उतरायच्या ऐवजी सोनपेठला उतराल." या वेळी कुणी हसलं नाही.

मिस्त्री म्हणाला, "तुमी म्हणाल ते, सर."

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले की ओलांडून पुढे जाताना जोर लगेच लागतो, म्हणून सुपरचार्जर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं.

वहिनी चटणीची वाटी झाकत होत्या. त्या माझ्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "वन्सं, यात तिसरा रकाना काढता येतो का? दोन्ही नको म्हणून?"

"असं कसं?" दादा म्हणाला. "तुलाच तर सगळ्यात जास्त भीती वाटली त्या दिवशी. कारण समजून घे. ही पहिली आकृती बघ, हिच्यात..." त्यानं खडूचा हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तो उजवीकडे शोधत होता. दाराकडे बघितलं, पायाखाली बघितलं. "पहिली कुठं गेली? कुणी पुसली?"

रस्त्यावरून एक जीप भोंगा वाजवत गेली.

"कुणीच पुसली न्हाई," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजीत मीठ आहे का सांगावं तसा. "दुसरी तिच्यावरच काढलीत तुमी."

दादानं मान वळवली. डावीकडे, बरीच. मग त्याला ती दिसली. टर्बोची चाकं आणि त्यांच्यातून गेलेली स्वतःची रेघ. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. माझा दादा रागीट आहे. मला वाटलं आता खडू फेकून आत जाईल. पण तो गेला नाही. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "बाई, कागद ठेव. इकडं ये. हा खडू घे."

त्यानं मला डाव्या बाजूला उभं केलं. स्वतः समोर फाटकाच्या कडीवर नजर ठेवली आणि एक डोळा तळहातानं झाकला. "खडू मागून हळूहळू पुढं आण. दिसला की सांगतो."

मी खडू त्याच्या कानापासून पुढे आणायला लागले. खांदा गेला. गाल गेला. खडू जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा तो म्हणाला, "आता." मग दुसरा डोळा झाकला. मला वाटलं या डोळ्यानं तरी लवकर दिसेल. पुन्हा कान, खांदा, गाल, आणि नाकासमोर आल्यावर, "आता." मग उजव्या बाजूनं आणायला लावला. तिकडून नाकासमोर यायच्या बऱ्याच आधी त्यानं सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी.

धाकट्यानं हुरड्याचं ताट बाजूला सारलं होतं. मिस्त्री उभा राहिला होता, सर वर्गात प्रयोग करत असताना मुलं उभी राहतात तसा.

"दोन्हीत सारखंच," दादा म्हणाला. "म्हणजे दोष डोळ्यात न्हाई. डोळ्यात असता तर एकातच असता, किंवा कमीजास्त असता." त्यानं हात डोक्यामागे नेला आणि तिथं बोटानं टेकवून दाखवलं. "इथं हाय. तो गणपतीतला दिवस आठवतो? डोकं लय दुखून उलटी झाली, पित्त म्हणून झोपून काढलं? ते पित्त नसावं."

वहिनी त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.

थोड्या वेळानं त्यानं मिस्त्रीला विचारलं, "हैदराबादला फोन केलास का?"

"न्हाई, सर."

"का? मी तर सांगितलं होतं, चौकशी कर म्हणून."

मिस्त्री खाली बघत राहिला. "इंजन मस्त हाय, सर. तुमी म्हणलात म्हणून व्हय म्हणलं."

"आठवीतही तू तसाच. कळलं न्हाई तरी व्हय."

"या वेळी कळलं होतं, सर," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. तो गाडीकडे गेला आणि उगाच टायर दाबून बघत राहिला.

मिस्त्रीच एकटा नव्हता. त्या गावात दादाकडे शिकले नाहीत असे दुकानदार थोडे आहेत. नंतर कळलं की दिवाळीपासून बाजारात लोक त्याच्या गाडीची डावी बाजू मोकळी सोडायचे. भाजीवाला गाडा आत ओढून घ्यायचा, रिक्षावाले थांबायचे, कुणी म्हणायचं सर येताहेत, बाजूला व्हा. सरांना तोंडावर कसं सांगायचं, म्हणून सगळ्या गावानं आपापला रस्ता जरा जरा सोडला. घरात आम्ही तेच केलं, फक्त टर्बोचं नाव घेऊन.

पुढची कामं मी त्याच दिवशी वाटून टाकली. धाकट्यानं गाडी चालवायची, दादाला परभणीला न्यायचं, तपासणीची वेळ मी घ्यायची, जुने कागद वहिनींनी काढून ठेवायचे. सगळं झालं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. दादानं सांगितलं तेच निघालं, तिथंच निघालं. मागे एक छोटी रक्तवाहिनी बंद पडून गेलेली होती. आता पुन्हा तसं होऊ नये म्हणून गोळ्या आहेत. गेलेली बाजू परत येईल असं धरून चालू नका, असं डॉक्टर म्हणाले. गाडीचं विचारलं ते वहिनींनी. डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दादा त्यांच्या डाव्या हाताला बसला होता की उजव्या, मला आठवत नाही, पण त्यानं ती मान बघितली.

आता गुरुवारी दोघं परभणीच्या दवाखान्याला एसटीनं जातात. रिक्षा करा, जीप करा, मी माझ्याकडून सांगून पाहिलं. वहिनी म्हणतात, मला एसटीची सवय आहे, यांनाच नाही. एकदा मी त्यांना पाथरीच्या स्टँडवर पाहिलं. पिशवी या वेळी दादाच्या मांडीवर होती. वहिनी त्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होत्या. गर्दीतून कुणी त्या बाजूनं धडकायला आलं की त्या आधी हात पुढे करायच्या. मला बघून दादा म्हणाला, "हिला स्टँडवर उभं राहायला लागणार न्हाई म्हणालो होतो." वहिनी म्हणाल्या, "बसायला जागा हाय की. तुमीच बसलात तिथं."

पडवीतली आकृती पहिल्या आठवड्यात तशीच होती. वहिनी तेवढी फरशी सोडून पुसायच्या. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा ती नव्हती. कुणी पुसली ते मी विचारलं नाही.

गाडी फाटकाच्या आत उभी आहे. तिला नवा आरसा बसवला आहे. मिस्त्रीनं तो परस्पर आणून लावला. बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी इंजिन चालू करावं लागतं, ते दादा स्वतः करतो. सीटवर बसतो, पट्टा लावतो, किल्ली फिरवतो. गाडी जागची हलवत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर फाटकाच्या कडीकडे बघत राहतो. नंतर लगेच बंद करत नाही. थोडं तसंच चालू ठेवतो, टर्बो असल्यासारखं. मी एकदा म्हणाले, "दादा, आपल्या गाडीला टर्बो नाही." तो म्हणाला, "माहीत हाय, बाई." मग किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली, खडूच्या शेजारी.

त्या रविवारच्या यादीत मी शेवटी एक काम लिहिलं होतं: दादाकडून किल्ली मागून घेणं. नावाच्या रकान्यात मी माझंच नाव घातलं, कारण धाकट्याला ते जमणार नाही आणि वहिनींवर ते टाकायचं नाही. तेव्हापासून मी बऱ्याच रविवारी पाथरीला जाऊन आले. बाकी सगळ्या कामांवर रेघ मारली आहे. त्या एकावर अजून मारलेली नाही.